मोटर पाणी ओढत नसेल तर आधी हवेचा हिशेब मांडा

होळी झाली की सांगली जिल्ह्यातल्या पलूसच्या आमच्या दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक एकाच वाक्यानं सुरुवात करतं. "ताई, मोटर फिरतीया पण पाणी ओढंना. पाच एचपीची काढून साडेसाताची बसवू का?" मी मोटरी विकते, त्यामुळे "बसवा" म्हणणं माझ्या सोयीचं. तरी मी आधी विचारते, "आण्णा, मोटरच्या मध्यापासून पाणी किती फूट खाली आहे?" विहीर किती परस खोल ते प्रत्येकाला तोंडपाठ असतं, हा आकडा मात्र क्वचितच कुणाला माहीत असतो. तो कळल्याशिवाय मी नवी मोटर देत नाही.

खाली लिहिलंय ते काठावर किंवा विहिरीतल्या कट्ट्यावर बसवलेल्या मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर) नाहीतर कपलिंगच्या (दोन्ही वेगळे, जोडलेले) पंपासाठी आहे. बोअरमधली सबमर्सिबल पाण्यातच बुडालेली असते, तिच्या तक्रारी वेगळ्या.

पाणी वर कोण चढवतं

पंपाला पाणी ओढता येत नाही. आतला पंखा, म्हणजे इम्पेलर, फिरला की पाणी कडेला फेकलं जातं आणि मध्यभागी दाब कमी होतो. सक्शनच्या, म्हणजे पाणी आत घ्यायच्या, बाजूचं पंपाचं काम इथंच संपतं. विहिरीतल्या पाण्यावर वातावरणाचा दाब असतोच. पाइपाच्या आतला दाब उतरला की बाहेरची हवा पाणी आत ढकलते आणि आपण म्हणतो, मोटरनं ओढलं. सक्शनची ताकद मोटरच्या पाटीवर लिहिलेली नसते. ती हवेची असते, आणि हवेची ताकद ठरलेली आहे.

समुद्रसपाटीला हवा १०.३३ मीटर, म्हणजे सुमारे ३४ फूट उंचीचं पाणी पेलते. पंप कितीही भारी आणा, त्यापुढे बोटभरही नाही. सतराव्या शतकात इटलीतल्या टस्कनीच्या पंपवाल्यांना हाच अनुभव आला होता. पाणी दहा मीटरच्या आसपास येऊन अडायचं. गॅलिलिओचा शिष्य टोरिचेली यानं १६४३ साली पाण्याऐवजी पारा घेऊन पाहिलं. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, तो ७६ सेंटिमीटरवर थांबला. गुणाकार करून बघा, तेच १०.३३ मीटर येतात. पुढं १६४८ मध्ये फ्रान्सात पास्कलनं आपल्या दाजींना, पेरिए त्यांचं नाव, पाऱ्याची नळी घेऊन पुई-द-डोम नावाच्या डोंगरावर पाठवलं. माथ्यावर पारा खाली उतरला, कारण वर हवेचा थर कमी. तो डोंगर आपल्या महाबळेश्वराहून थोडाच उंच आहे. स्वतः न चढता दाजींना चढवलं, ही बाब मला नेहमी गमतीची वाटते.

आपल्याकडे याचा अर्थ असा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, तिथं हवा ९.७ मीटर पाणी पेलते. सातारा ७४० मीटरच्या आसपास, तिथं ९.५. महाबळेश्वर सुमारे १३५०, तिथं ८.८. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं आणि भात शिजता शिजत नाही, त्याचंही कारण हेच. पंपाच्या कॅटलॉगमधली सक्शनची उंची बहुतेक वेळा समुद्रसपाटीची धरलेली असते, हे दुकानदारानं सांगायला हवं. सांगत नाहीत.

हिशेब कसा मांडायचा

माप आधी. दोरीला दगड बांधा, मोटरच्या शाफ्टच्या पातळीपासून पाण्यापर्यंत सोडा. हे सकाळी मोटर बंद असताना करून उपयोग नाही. तासभर उपसा झाल्यावर करा, कारण विहिरीचं पाणी उपशाबरोबर उतरतं आणि अडचण तेव्हाच येते.

आता सांगली भागातला माणूस धरून वजाबाकी करू. हातात ९.७ मीटर आहेत.

त्यातून पहिली वजावट पाण्याच्या वाफेच्या दाबाची. कुठलाही द्रव आपल्या तापमानाप्रमाणे वाफ सोडत असतो आणि त्या वाफेला स्वतःचा दाब असतो. पाइपातला दाब त्याच्याखाली गेला की पाणी जागच्या जागी उकळतं, गरम न होताच. २० अंशांच्या पाण्याला हा दाब पाण्याच्या ०.२४ मीटरइतका असतो, ३० अंशांना ०.४३, आणि ४० अंशांना ०.७५. विहिरीचं पाणी सावलीत असतं. मे महिन्यात प्लास्टिक टाकलेल्या उघड्या शेततळ्यातलं वरचं पाणी दुपारी हात घालून बघा, म्हणजे तीच मोटर सकाळी चालते आणि दुपारी का रुसते ते कळेल. आपण ०.४ धरू.

दुसरी वजावट पंपाची स्वतःची. इम्पेलरच्या तोंडाशी वाफेच्या दाबापेक्षा किती जादा दाब शिल्लक हवा, तो आकडा कंपनीच्या पत्रकात एनपीएसएच म्हणून दिलेला असतो. पाच एचपीच्या शेतीपंपाला तो २ ते ४ मीटर असतो. पत्रक नसेल तर ३ धरा. तिसरी वजावट पाइप, बेंड आणि तळाचा फुटबॉल (पाणी परत खाली न सोडणारी जाळीची झडप) यांच्या घर्षणाची. बसवणूक चांगली असेल तर १ मीटर. शेवटी अर्धा मीटर हातचा ठेवा.

९.७ मधून ०.४, ३, १ आणि ०.५ गेले. उरले ४.८ मीटर, म्हणजे पंधरा-सोळा फूट. गावात सर्रास सांगतात की मोटर पंचवीस फुटांवरून ओढते. उपसा थोडा असेल, पाइप मोठा असेल आणि पंपाचा एनपीएसएच कमी असेल तर वीसपर्यंत जाता येतं. पंचवीसला मोटर चालते खरी, पण तिच्या आत काय चाललंय ते पुढं सांगते.

या सगळ्या वजाबाकीत एचपी कुठंच आलेलं नाही, हे बघा. उलट साडेसाताची मोटर जास्त पाणी मागते. पाणी दुप्पट झालं की पाइपातलं घर्षण जवळजवळ चौपट होतं, आणि पंपाचा एनपीएसएचही वाढतो. म्हणजे पंधरा फुटांवर तग धरणारी सक्शन मोठ्या मोटरीनं बारा फुटांवरच हात टेकेल. मोटर मोठी करण्याऐवजी खाली घ्या. विहिरीत अँगल टाकून कट्टा करायचा खर्च नव्या मोटरीपुढे काहीच नाही.

आवाज ऐका, मग गेज लावा

पंपात कुणीतरी खडी टाकल्यासारखा कडकड आवाज येत असेल तर आत पाणी उकळतंय. इम्पेलरच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की वाफेचे बुडबुडे धरतात. हे बुडबुडे पात्यावरून पुढं सरकून जास्त दाबाच्या जागी गेले की मिटतात, आणि मिटताना धातूवर इतक्या जोरानं आपटतात की बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, कण सुटतात. असा पंखा उघडून बघितला तर पात्यांच्या पाठीवर खड्डेच खड्डे दिसतात. "पाण्यात वाळू येत असंल" म्हणून लोक गाळणी बदलतात. वाळूनं झिजलेलं पातं गुळगुळीत लागतं आणि हे खरखरीत, बोट फिरवलं की फरक समजतो.

सक्शनच्या फ्लँजजवळ, म्हणजे पाइप पंपाला बोल्टनं जोडतात तिथं, एक व्हॅक्यूम गेज बसवून घ्या. फार महाग वस्तू नाही, आणि पंपवाल्याच्या अंदाजापेक्षा ती भरवशाची. गेज पाऱ्याच्या सेंटिमीटरमध्ये वाचा. पाऱ्याचे १० सेंटिमीटर म्हणजे पाण्याचे १.३६ मीटर. सांगलीत काटा कितीही झालं तरी ७१ च्या पुढं जाणार नाही, कारण हवाच तेवढी आहे.

समजा पाणी ४ मीटर खाली आहे. त्याचे २९ झाले. घर्षणाचे एक मीटर धरून आणखी ७. म्हणजे काटा ३६-३७ वर हवा. तो ५० दाखवतोय आणि पाणी कमी येतंय, तर वरचे १३ सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन मीटर, कुठंतरी अडकलेत: फुटबॉलच्या जाळीला शेवाळ, पाला किंवा प्लास्टिकची पिशवी, नाहीतर रबरी होज असेल तर तिचा आतला पदर सुटून आतल्या आत मिटतोय. बाहेरून होज ठणठणीत दिसते, फसू नका. उलट काटा थरथरतोय, १५-२० च्या वर चढतच नाही आणि पाणी मध्येच तुटतं, तर हवा आत शिरतेय.

हवा कुठून शिरते

आधी हे लक्षात घ्या की थोडी हवा एवढा घोळ का करते. सेंट्रिफ्युगल पंप ज्या पदार्थात फिरतो त्या पदार्थाचाच उंच स्तंभ उभा करतो. २५ मीटर हेडचा पंप पाणी भरलं तर २५ मीटर पाणी उभं करील, हवा भरली तर २५ मीटर हवा. आपल्याकडच्या एक घनमीटर हवेचं वजन जेमतेम १.१ किलो, तेवढ्याच पाण्याचं १००० किलो. नऊशे पट फरक. म्हणजे हवेनं भरलेला पंप पाणी चढवेल फक्त पावणेतीन सेंटिमीटर. मोटर सुरू करण्याआधी पंपात आणि सक्शनमध्ये पाणी भरावं लागतं ते यासाठी. भरताना पंपाच्या डोक्यावरचा हवेचा कॉक उघडा ठेवा, बुडबुडे थांबून सलग पाणी येईपर्यंत. कॉक नसेल तर बसवून घ्या.

पाणी भरलं आणि पाच मिनिटांत उतरलं, तर फुटबॉल गळतोय. आत खडा किंवा काडी अडकलेली असते, नाहीतर वॉशर गेलेला असतो. आमच्याकडे जुनी माणसं अशा वेळी भरायच्या पाण्यात शेणकाला ओततात. शेणातले तंतू फटीत जाऊन बसतात आणि दाट काला पाण्याइतक्या सहज निसटत नाही, म्हणून त्या दिवसाचं भिजवण होऊन जातं. मी त्याला हसत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी फुटबॉल वर काढा. तेच तंतू जाळीत साठत गेले की गळती थांबते आणि चोंदण सुरू होतं.

पाणी भरलेलं राहतं, पण मोटर चालू झाल्यावर हवा धरते, तर सांधे तपासा. सक्शन चालू असताना आत दाब कमी असतो, त्यामुळे तिथं गळती बाहेर दिसत नाही, हवाच गुपचूप आत जाते. उदबत्ती पेटवा आणि एकेका सांध्याजवळ, फ्लँजजवळ, ग्लँडजवळ (शाफ्ट पंपात शिरतो तिथला दोरी भरलेला सांधा) धरा. जिथं धूर आत खेचला जाईल तिथं फट. वारा असेल तर सांध्यावर ओली माती थापा आणि गेजकडे बघा; योग्य जागी माती बसली की काटा चढतो. ग्लँडच्या दोरीतून चालू असताना थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे. "गळतंय" म्हणून नट करकचून आवळणारे बरेच आहेत. त्यानं दोरी जळते, शाफ्टला खाच पडते आणि मग हवेला वाटच मिळते.

भोवऱ्याकडे उन्हाळ्यात रोज नजर टाका. फुटबॉलवर पाणी कमी राहिलं की वरून भोवरा पडतो आणि हवेची नळीच थेट जाळीपर्यंत जाते. फुटबॉलवर निदान तीन फूट पाणी हवं आणि तळापासून तो फूटभर वर हवा. दोन्ही जमत नसेल तर पाण्यावर लाकडी फळी तरंगत सोडा, भोवरा मोडतो. उपसा तेवढा कमी करा.

आणि एक चूक गवंडी, प्लंबर, शेतकरी सगळे मिळून करतात: सक्शनचा आडवा पाइप मध्येच उंच. पाण्यात हवा विरघळलेली असतेच, आणि दाब उतरला की ती सुटून बाहेर येते. पाइप फुटबॉलपासून पंपापर्यंत सतत चढता असेल तर ती पाण्याबरोबर निघून जाते. मध्ये उंचवटा असेल तर तिथं साठत राहते आणि तासाभरानं पाणी तोडते. "ताई, चालू होती आणि तासानं सोडती" ही तक्रार आली की मी पाइप बघायलाच जाते. चार इंची पाइप पंपाच्या तोंडाशी तीन इंची करताना रिड्युसर एका बाजूनं सपाट घ्या आणि सपाट बाजू वर ठेवा. दोन्हीकडून निमुळता रिड्युसर लावला तर त्याच्या वरच्या कोपऱ्यात हवा बसते.

पाइप मोठा घ्या, पैसे इथं घाला

पाणी तेवढंच ठेवून पाइपाचा व्यास निम्मा केला तर घर्षण ३२ पट होतं, व्यासाच्या पाचव्या घातानं. अडीच इंचाचा तीन इंच केलात तरी घर्षण निम्म्याच्या खाली येतं. सेकंदाला १० लिटर पाणी तीन इंची पाइपातून सव्वादोन मीटर वेगानं धावतं, चार इंचीतून सव्वा मीटरच्या आसपास. सक्शनला वेग दीड मीटरच्या आत ठेवा, म्हणजे अशा पंपाला चार इंची. बेंड एकच, तोही मोठ्या वळणाचा, आणि पंपाच्या तोंडाला चिकटून नको. निदान दोन फूट सरळ पाइप मध्ये असू दे.

द्रव दाट असेल तर हे सगळं आणखी कडक होतं. स्लरी किंवा जीवामृत याच पंपातून सोडायचं असेल तर गाळून, भरपूर पाणी घालून सोडा. गुऱ्हाळवाले कधीकधी काकवीला हा पंप विचारतात. काकवीला हा पंप चालणार नाही, तिला गिअर पंप लागतो.

कृष्णाकाठच्या मोटरी

नदीवरच्या लोकांची अडचण मोजूनच दाखवते. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पुरापासून वाचवायला मोटर वर ठेवावी, तर उन्हाळ्यात पाणी हवेच्या आवाक्याबाहेर जातं, कारण हवेचे सगळे मिळून ३२ फूट आणि त्यातले हाताशी पंधरा-सोळाच. एकाच जागी बसवलेली मोटर दोन्ही ऋतूंत चालणार नाही. जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी घेणारी काठावरची विहीर, काढून आत उभा पंप किंवा सबमर्सिबल सोडा. तेवढी ऐपत नसेल तर मोटर गाड्यावर बसवा, जी पाण्यामागे उतरवता येईल आणि जूनच्या आधी वर घेता येईल. तराफ्यावरची मोटरही चालते, फक्त केबल आणि होजेला पुरेशी ढील द्या.

पंपाच्या पुढच्या बाजूला ही मर्यादा नाही, हे मात्र सांगायला हवं. ढकलायचं असेल तर पंप आणि पाइप झेपतील तितकं ढकला. ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या योजनांत कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवून खानापूर, आटपाडी, जतच्या बाजूला नेलंय.

डिलिव्हरी आणि रात्रीची लाइट

डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर जायच्या बाजूचा, गेट व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर सुरू करा आणि मग हळूहळू उघडा. पाणी वाहत नसताना या पंपावर भार कमी असतो. पूर्ण बंद ठेवून मात्र फार वेळ चालवू नका, आतलं पाणी तापतं. लांब लाइनवर जिथं चढ येऊन उतार सुरू होतो तिथं एअर व्हॉल्व्ह टाका. हवा दबते, दुप्पट दाबाला निम्मी होते, पण जागा सोडत नाही, आणि पाण्याची वाट अरुंद करते.

पाण्याचं याच्या उलट. दहा वातावरणांचा दाब दिला तरी हजार लिटर पाणी जेमतेम अर्धा लिटर आकसतं. म्हणून धावतं पाणी एकदम अडलं की सगळा धक्का पाइपावर येतो. लाइट गेली, चढावरचं पाणी उलट फिरलं आणि सेकंदाला दीड मीटर वेगानं एनआरव्हीवर, म्हणजे पाणी उलट येऊ न देणाऱ्या झडपेवर, आपटलं, तर पीव्हीसीच्या लाइनमध्ये चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलोचा धक्का बसतो, तोही आधीच्या दाबावर. लोखंडी पाइपात त्याच्या तिप्पट. चार केजी दाबाचा पाइप सांध्यात सुटतो तो इथं. एनआरव्ही पंपाजवळ असू द्याच, आणि चढ मोठा असेल तर वरच्या टप्प्यावर आणखी एक. पाइप सहा केजीचा घ्या.

शेतीची लाइट बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या पाळीलाही असते, म्हणून बहुतेकांच्या स्टार्टरला ऑटो जोडलेला असतो. लाइट येते, मोटर आपोआप सुरू होते, मालक घरी झोपलेला. फुटबॉल गळून पंप रिकामा झालेला असेल तर मोटर सकाळपर्यंत हवेत फिरते आणि सील जळतं. ऑटो ठेवायचाच असेल तर दोन गोष्टी करा. लाइट आल्यावर मिनिटभरानं मोटर सुरू होईल असा टायमर लावा, म्हणजे लाइनमधलं उलटं पाणी शांत होईल आणि उलट्या फिरणाऱ्या पंख्याला झटका बसणार नाही. दुसरं, करंट बघून मोटर बंद करणारा ड्राय रन प्रिव्हेंटर लावा. हवा हलकी असल्यामुळे रिकाम्या पंपावर भार राहत नाही. पाच एचपीची थ्री फेज मोटर पाण्यावर सात-साडेसात अँपिअर घेत असेल तर हवेत ती निम्म्याच्या आसपास उतरते. पाणी व्यवस्थित येत असताना मीटरवर अँपिअर वाचा, मग पंपात पाणी भरलेलं ठेवून गेट पूर्ण बंद करा आणि अर्ध्या मिनिटात परत वाचा. प्रिव्हेंटर या दुसऱ्या आकड्याच्या किंचित खाली लावून ठेवा.